नायक शिवदासचा क्लिअरन्स

सत्त्याऐंशीच्या मे अखेरीला पेडण्यात कुणाला "बरं आहे ना?" विचारलं तर माणूस तब्येतीचं सांगत नव्हता, राज्याचं सांगत होता. शनिवारी गोवा घटक राज्य होणार होतं. घटक म्हणजे नक्की काय, हे निम्म्या बाजाराला ठाऊक नव्हतं. पण कमानी उभ्या राहत होत्या, आंब्याचे टहाळे बांधले जात होते, आणि ज्याच्या दुकानात वर्षभर पालींचा संसार होता त्यानेसुद्धा चुना मारून घेतला होता.

या धांदलीत सगळ्यांत जास्त छाती फुगली होती गोकुळदास हवालदाराची. झेंडावंदनाला मामलेदार कचेरीसमोर माजी सैनिकांचं पथक संचलन करणार होतं आणि कमांडर होता गोकुळदास. गंमत अशी, की मराठा पलटणीतली सगळी नोकरी त्याने स्टोअरात काढलेली. बूट द्या, कांबळी घ्या, मच्छरदाणीची भोकं बघा. पलटण कवायत करायची तेव्हा हा स्टोअरच्या जनेलातून बघायचा. कमांड देण्याची हौस तेव्हापासून पोटात तशीच पडून होती. माणूस बघून त्याची किंमत लावायची सवयही स्टोअरचीच. कोण टिकाऊ, कोण नुसता दिसायला, कुणाची शिवण उसवायला आली आहे, हे तो लांबून ओळखायचा आणि जवळ येऊन तोंडावर सांगायचा. त्यामुळे त्याला मित्र बरेच होते, पण जेवायला फारसं कुणी बोलवत नसे.

सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी भाषेवरून अडलं. भाषेचा कायदा फेब्रुवारीत होऊन गेला होता, भांडण मात्र अजून ताजं होतं. निम्मे म्हणाले, कमांड मराठीतच हवी. निम्मे म्हणाले, राज्याची भाषा कोकणी, तर पहिल्या दिवशी कोकणीच. गोकुळदासने दोन्हीत एकेकदा ओरडून पाहिलं. मराठी ऐकून पथक हसलं; कोकणी ऐकून मागच्या रांगेतल्या एकाने घरच्यासारखं "कितें?" विचारलं. शेवटी वैतागून त्याने पलटणीतल्या हिंदीत "दहिने मुड" म्हटलं आणि सगळ्या टाचा एकदम वळल्या. तिथे वाद मिटला.

या पथकाचा कणा म्हणजे नायक शिवदास. मोरजीचा. उंच आणि सरळ. पोट सुटलेलं नाही असा पथकात तो एकटाच. उजव्या टोकाला तो दर्शक म्हणून उभा राहायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून रांग सरळ करायची. पलटणीतून आल्यावर तो डिचोलीकडच्या एका खाणीच्या गेटवर वॉचमन झाला होता. येणारे-जाणारे ट्रक बघत पत्र्याच्या केबिनीत बसायचं, ही नोकरी. गेल्या गणपतीपासून तो बोलेनासा झाला होता. डोळे लाल. विचारलं तर म्हणायचा, झोप नाय.

गणपतीपासून का, हे पथकातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांच्याच पलटणीतला, डिचोलीचा पांडुरंग तेव्हा गेला. आपल्या हाताने गेला. गाव म्हणालं, चक्कर आली. घरचेही तेच म्हणाले, आणि खांदा देणाऱ्या फौजींनी माना डोलावल्या. त्याआधी दोडामार्गाचा एक, त्याच्याआधी साळचा एक. गोकुळदासने मनातल्या मनात बेरीज केली होती: एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या ओळखीतला एक गेला आणि घरी सुखरूप परत आलेल्यांतले तीन. लढाईपेक्षा घर महाग पडलं होतं. पण ही बेरीज त्याने कुणाला सांगितली नाही. असल्या गोष्टीचं नाव काढलं की ती दुसऱ्याच्या डोक्यात शिरते, असं सगळ्यांसारखं त्यालाही वाटायचं.

आणि या आठवड्यात शिवदास एकदम खुलला. दाढी गुळगुळीत, चाल हलकी, सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. शिवाय हात सैल. जवळची कांबळी त्याने शेजारच्या म्हातारीला दिली, पितळी बक्कलाचा पट्टा पथकातल्या एकाला दिला. गोकुळदासकडे तर तो आपला बरानकोट घेऊन आला. लडाखच्या थंडीतला तो जाड लोकरी कोट, आणि मे महिन्यातलं पेडणं. गोकुळदासने तो अंगात घालून दाखवला, घाम पुसला आणि विचारलं, "काय रे, पोस्टिंग इला काय तुका?"

शिवदास हसला. जाताना म्हणाला, "आता तुमचां माझ्यावर काय रवला नाय न्हय, हवालदार?"

"माझां कधी काय होतां तुझ्यार?" गोकुळदास म्हणाला, आणि बायकोला, रुक्मिणीला, सांगत सुटला की राज्य माणसाला कसं बदलतं बघ, मुका बोलायला लागला. रुक्मिणीने कोट उन्हात टाकला. तिला शिवदासचं हसणं आवडलं नव्हतं. पण का आवडलं नाही ते तिला सांगता येईना, आणि कारण न देता म्हटलेलं नवऱ्याच्या हिशोबात धरलं जात नाही हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी पेडणे फुटायला आलं होतं. बसच्या टपावर माणसं, शाळेची पोरं झेंडे घेऊन, पाववाल्या पोदेराच्या सायकलीला फुगे. पथक उभं राहिलं. छातीवर पदकं, पायात पॉलिश. गोकुळदासने घसा खाकरला, उजवीकडे पाहिलं, आणि दर्शकाची जागा रिकामी.

रिकाम्या जागेवर पहिला डोळा पडला तो अविनाशचा. हा नेव्हीतून आलेला, पथकातला सगळ्यांत तरुण, आणि कमांड आपल्याला मिळावी म्हणून आठवडाभर गोकुळदासच्या मागे लागलेला. तो म्हणाला, बस चुकली असेल. दुसरा म्हणाला, बायकोला, भागीरथीला, आणि मुलीला त्याने परवाच बांद्याला माहेरी पाठवलं, चहा कोण करून देणार, उठला नसेल.

एवढ्यात मोटारसायकलचा पायलट जयराम गाडीवरून ओरडला. भाडी मारत तो सकाळपासून मोरजी-पेडणे करत होता. शिवदास देवमाणूस आहे हो, म्हणाला. कितीतरी वर्षांपूर्वी नेलेला हवा भरायचा पंप काल घरी आणून दिला, वर तेल घालून. आणि म्हणतो कसा, "आता तुझां माझ्यावर काय रवला नाय न्हय?"

गोकुळदासच्या हातातली छडी खाली आली.

हे वाक्य त्याने दोनदा ऐकलं नव्हतं, शेकडो वेळा ऐकलं होतं. पलटण सोडून जाणारा प्रत्येक जवान स्टोअरच्या जनेलाशी येऊन हेच विचारायचा. लंगरात जायचा, कँटीनमध्ये जायचा, कोतात म्हणजे हत्यारखान्यात रायफल जमा करायचा, जिथलं तिथे परत द्यायचा आणि विचारायचा, माझ्यावर काही बाकी नाही ना? याला म्हणायचे क्लिअरन्स. तो मिळाल्याशिवाय कुणाला गाडीत बसता येत नसे. आणि क्लिअरन्स घेत कोण फिरतं? ज्याला जायचं असतं तो. घरोघर वस्तू पोहोचत होत्या, जो तो शिवदासला जमेच्या बाजूला मांडत होता, आणि मांडणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होता गोकुळदास. स्टोअरात आयुष्य गेलेला माणूस, आणि समोर क्लिअरन्स चालू असताना कोट घालून नाचला.

पांडुरंगानेही जाण्याआधी कुणाची तरी छत्री परत केली होती. किती सज्जन, असं तेव्हाही सगळे म्हणाले होते.

त्याने छडी अविनाशच्या हातात कोंबली. मामलेदार येतायत, झेंडा वर जातोय, आणि कमांडर मोटारसायकलवर मागे बसतोय हे बघून पथकात कुजबुज झाली. कुणीतरी विचारलंच, पोट बिघडलं की काय. "पलटण नेव्हीच्या हातात दिलीय," गोकुळदास म्हणाला, "आता देवाच्या मनात असेल ते." आणि जयरामच्या पाठीत कोपर मारलं.

जयराम एरवी गाडी अशी चालवायचा की मागच्याला जानव्यापर्यंत सगळी खबर विचारून व्हावी. त्या दिवशी त्याला गोकुळदासने कानात दोन वाक्यं सांगितली आणि त्याचं तोंड जन्मात पहिल्यांदा बंद झालं. कमानीखालून, मिरवणुकीच्या कडेने, एका ढोलाला घासून गाडी सुटली. लोकांना वाटलं, हाही राज्याचाच आनंद. त्यांनी हात हलवले. उताराला गोकुळदासची टोपी उडाली. थांबायला लागलेल्या जयरामला त्याने अशी शिवी दिली की ती कोणत्या भाषेतली यावरही वाद झाला असता.

मोरजीला शिवदासच्या घराचं दार उघडं होतं. अंगण सारवलेलं, तुळशीला पाणी घातलेलं, सोप्यात काही म्हणजे काही नाही. मधोमध एकुलती खुर्ची, त्या कदेलावर शिवदास बसला होता. आंघोळ केलेली, कपडे इस्त्रीचे, हात गुडघ्यांवर. जिवंत. गोकुळदास उंबऱ्यावरच बसला.

आधी त्याने त्याला येत होतं तेच केलं. म्हणाला, फॉलिन झाला, दर्शक खंय? म्हणाला, नेव्हीवाल्याने पलटण समुद्रात घातली तर तुझ्या नावावर मांडीन. शिवदास भिंतीकडे बघत राहिला. मग फक्त म्हणाला, "तुमी जावा हवालदार. माका आज नको."

गोकुळदासची थट्टा संपली. आत दुसरं काही भरलेलं आहे का हे त्याने कधी तपासलंच नव्हतं. नाव काढू नये, नाव काढू नये असं डोक्यात वाजत होतं. तरी त्याने काढलं.

"शिवदासा, सरळ विचारतंय. जीव देवच्या विचारात आसंस तू?"

लांब कुठेतरी फटाक्यांची माळ लागली. ती संपल्यावर शिवदास बोलला. आवाजात लाज नव्हती, सुटका होती.

"व्हय."

मग त्याने सांगितलं. रात्री डोळे मिटले की काय दिसतं ते. पत्र्याच्या केबिनीत दिवसभर आपण आहोत की नाही याची खूण कशी सापडत नाही ते. घरात पोरगी मोठ्याने हसली तर हात कसा उठतो आणि मग तो हात कसा नकोसा होतो ते. पांडुरंगाला शेवटचा भेटला तेव्हा त्याच्या मनातलं कळलं होतं आणि विचारलं नाही, ते. दोन वाक्यांत एक विनोद घातल्याशिवाय ज्याला राहवत नसे तो गोकुळदास सबंध वेळ गप्प बसला. अंगणात जयराम गाडीला टेकून उभा होता आणि उगाचच आरसा पुसत होता.

"सगळ्यांचां सगळां देवन झालां," शिवदास शेवटी म्हणाला. "कोणाचां काय माझ्यावर नाय. भागीरथी पण मोकळी होतली."

"भागीरथीक विचारलंस?"

शिवदासने नकारार्थी मान हलवली.

"मगे हिशोब चुकलो तुझो. क्लिअरन्स मागणारो स्वतः लिवन घेता काय? देणारो देता. मी देवचंय नाय."

"बरानकोट दिलंय तुमका."

"जळांदे तो बरानकोट. तू माझ्या चार्जार आसंस. चार्जावरची वस्तू मी अशी सोडूचंय नाय."

"वस्तू?" शिवदासने पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवली. "माका वस्तू म्हणतास?"

"मगे काय म्हणू? बोलतंस तरी खंय तू."

शिवदासच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि वाटेत त्याचं रडू झालं. गोकुळदासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्याने पूर्वी कुणावर ठेवला नव्हता; तो कुठे ठेवावा हेही त्याला नीट कळलं नाही, म्हणून निम्मा मानेवर पडला.

पुढचं भराभर झालं. घरात जे राहू नये ते जयरामने गोणीत भरून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवलं. मग एका मोटारसायकलवर तिघं: पुढे जयराम, मध्ये शिवदास, मागे गोकुळदास. चोपड्याच्या धक्क्याला पोलीस होता. सणाचा दिवस म्हणून त्याने तिघांना नुसतं बोट दाखवलं. फेरीबोटीवर गोकुळदास कठड्याच्या आणि शिवदासच्या मध्ये उभा राहिला, त्याची बाही घट्ट धरून, नवरीच्या पाठराखिणीसारखा. नदी ओलांडायला एवढा वेळ लागतो हे त्याला माहीत नव्हतं. फेरीतले लोक त्यांना पेढे देत होते. शिवदासने एक घेतला, हातात धरला, आणि शिवोलीच्या बाजूला लागल्यावर खाल्ला. गोकुळदासला वाटलं, झेंडा आत्ता वर गेला.

म्हापशाचा डॉक्टर घरीच भेटला. त्याने शिवदासला जवळ बसवून अगदी तोच प्रश्न विचारला, तेवढ्याच सरळपणे. बाहेर आल्यावर गोकुळदासने हळूच चौकशी केली की असं विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही का. डॉक्टर म्हणाला, ते आधीच आत असतं. विचारल्याने त्याला बाहेर यायला दार मिळतं. झोपेची आणि मनाची औषधं दिली, काही दिवस एकटं सोडू नका म्हणाला, आणि हे एका भेटीत संपणारं काम नाही हेही बजावलं. त्या रात्री शिवदास गोकुळदासच्या सोप्यात झोपला. दुसऱ्या दिवशी बांद्याहून भागीरथी आली. नवऱ्याशेजारी बसली आणि त्याचं मनगट धरून ठेवलं. मग गोकुळदासला म्हणाली, "भावजी, मोकळी करूक कोणी सांगलेलां ह्येंका?"

पेडण्यात मात्र गोकुळदासची शोभा झाली होती. अविनाशने "तेज चल" झोकात म्हटलं आणि "थम" म्हणायचं विसरला. पथक मामलेदाराच्या मांडवात शिरलं, खुर्च्या उलटल्या, आणि शिस्तीची माणसं असल्यामुळे कमांड मिळेपर्यंत जागच्या जागी पाय आपटत राहिली. ऐन राज्याच्या दिवशी कमांडर पळाला, असं जो तो म्हणे. पोटाला कसं आहे, म्हणून लोक मुद्दाम घरी येऊन विचारत. खरं कारण सांगायचं की नाही हे शिवदासच्या हातात होतं, आणि गोकुळदासने मुकाट्याने शोभा सोसली. असली उधारी त्याने आधी कधी अंगावर घेतली नव्हती.

कारण सांगितलं ते शिवदासनेच. पंधरवड्याने पथकातल्या सगळ्यांना बसस्टँडवरच्या हॉटेलात चहाला बोलावून, उभं राहून, दर्शकासारखा सरळ. पांडुरंगाचंही नाव घेतलं. चक्कर नव्हती ती, म्हणाला. कपांतला चहा निवला. मग मागे बसलेल्या एकाने खाली मान घालून सांगितलं की त्यालाही गेलं वर्षभर असंच होतंय. आणखी एक उठून बाहेर गेला, तोंड धुऊन परत आला आणि तोही बोलला. अविनाशसुद्धा बोलला.

त्याच दिवशी ठरलं, गिनती सुरू करायची. पलटणीत संध्याकाळी मोजदाद असते तशी. प्रत्येकाने हॉटेलात येऊन आपल्या तोंडाने हजर म्हणायचं. डिचोलीवाल्यांनी रविवारी बसने यायचं. जो येणार नाही त्याच्या घरी दोघांनी त्याच संध्याकाळी जायचं, आणि गेलं की तब्येत-पाणी करत न बसता सरळ विचारायचं. मोजायचं काम अर्थात गोकुळदासकडे. कुणी हजर म्हणताना आवाज पडला तर तो तिथेच पकडायचा, "ह्या हजरात दम नाय," आणि त्या माणसाला उठू द्यायचा नाही. शिवदास रोज यायचा. काही दिवस बरे जायचे, काही दिवस नुसता येऊन बसायचा. खाणीची केबिन त्याने सोडली. कचेरीजवळच्या शाळेत पोरांची कवायत घ्यायला लागला.

मग एका संध्याकाळी गोकुळदासच गेला नाही. काही विशेष नव्हतं. दुपारपासून अंगावर काहीतरी बसल्यासारखं वाटत होतं. बाजारात पुन्हा कुणीतरी पोटावरून बोललं होतं. त्यात सकाळी पलटणीतल्या जुन्या फोटोत स्वतःला शोधलं तर तो स्टोअरच्या सावलीत, निम्मा कापलेला. तो सोप्यात दिवा न लावता बसून राहिला.

पायऱ्यांवर बूट वाजले. दोघांनी जायचं ठरलं होतं, आले सहाजण, पुढे शिवदास. गोकुळदासने आवाज चढवला की माणसाला एक दिवस घरी बसायची सोय नाही, ताप असेल, पाहुणे असतील, तुम्ही काय धाड घालता. शिवदास त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

"हवालदार, सरळ विचारतंय. जीव देवच्या विचारात आसात तुमी?"

गोकुळदासच्या जिभेवर विनोद तयार होता. नेहमीसारखा, चांगला. तो बाहेर येईना. आतल्या दारात रुक्मिणी येऊन उभी राहिली होती, हातात दिवा. ती म्हणाली, "विचारतत तां खरां सांगा."

तो बराच वेळ विचार करत राहिला. या प्रश्नाला विचार करावा लागतो, याचंच त्याला नवल वाटलं.

"नाय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आज नाय."

शिवदासने मागे वळून बाकीच्यांना बसायची खूण केली. "चाय ठेवा वैनी," तो म्हणाला, "ह्यो 'आज' काय तो आमका समजान घेवक होयो. वेळ लागतलो."

सहाजण भिंतीला टेकून बसले. गोकुळदासने एकेकाकडे पाहिलं. कुणाची काही किंमत लावावी असं मनात आलं नाही. तो बोलायला लागला.